खरे ड्रॉइंग कोणते?



वसईचे नाव काढले की किल्ला, केळीच्या वाड्या आणि पानमळे डोळ्यांपुढे येतात. परंतु रेल्वेच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे ह्या बाजूस आणखी एक वसई आहे. ती गाळ्यांची वसई. तेथे लेथवर किंवा मिलिंग यंत्रावर घडणाऱ्या प्रत्येक नगामागे एक ड्रॉइंग असते, आणि आज ते बहुधा संगणकात असते. ते सांभाळणाऱ्या प्रणालीसाठी डेटाबेसचा सर्व्हर उभारावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

आधी रोग पाहू, मग औषध. ड्रॉइंग बदलत असते. भोकाचा व्यास १२ मिलिमीटर होता, ग्राहकाने तो १२.२ केला. नवे ड्रॉइंग कार्यालयातील संगणकावर आले, जुने मिस्त्रींच्या फोनवर राहिले, तिसरे कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर. एकाचे नाव ‘फायनल’, दुसऱ्याचे ‘फायनल नवे’, तिसऱ्याचे ‘खरे फायनल’! शंभर नग जुन्या मापाने निघाले की माल भंगारात जातो आणि ग्राहक शेजारच्या गाळ्यात जातो. हे दुखणे लहानांचेच आहे असे नाही. एअरबस कंपनीच्या ए-३८० विमानाच्या वेळी हँबुर्ग आणि तुलूझ येथील अभियंते आराखड्याच्या एकाच प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरीत होते. तारांचे जुडगे विमानात नीट बसेनात. काम फार लांबले, आणि पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडावयास २००७ चा ऑक्टोबर उजाडला.

ह्यावरचा उपाय ग्रंथालयासारखा आहे. पुस्तके कपाटात राहतात आणि त्यांची नोंद रजिस्टरात असते. त्याचप्रमाणे ड्रॉइंगच्या फाइली एका कोठारात ठेवतात, आणि कोणती फाइल कोणत्या नगाची, कितव्या आवृत्तीची, कोणी व केव्हा मंजूर केली, ही नोंद डेटाबेसात राहते. नोंदी तक्त्यांच्या रूपाने ठेवून त्यांचा परस्परसंबंध लावण्याची कल्पना आयबीएममधील एडगर कॉड ह्यांनी १९७० साली मांडली. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. सर्व्हर हा खिडकीवरचा कारकून समजा. कपाटाला हात लावण्याची मुभा त्यालाच. ड्रॉइंग बदलावयाचे असेल त्याने ते आपल्या नावावर काढून घ्यावयाचे. तोवर इतरांना ते पाहता येते, बदलता येत नाही. परत केले की नव्या आवृत्तीचा क्रमांक पडतो, आणि जुनी आवृत्ती पुसली न जाता मागे राहते.

आता प्रश्न असा की, नोंद चालू असतानाच वीज गेली तर? आपल्या जुन्या पेढ्यांची रीत आठवा: आधी कीर्द, मग खतावणी. डेटाबेसही तसेच करतो. जो बदल करावयाचा तो प्रथम कीर्दीत पक्का लिहितो, मग खात्यात चढवितो. वीज परत आली की कीर्द वाचून पुरे झालेले व्यवहार चढवितो व अर्धवट रद्द करतो. सोळा आणे काम, नाही तर मुळीच नाही.

प्रत्यक्ष उभारणीत पुढील गोष्टी पाहाव्यात. सर्व्हरसाठी स्वतंत्र यंत्र असावे. ज्यावर कोणी ड्रॉइंग काढीत बसतो ते नसावे. स्मृती भरपूर असावी, कारण वारंवार लागणाऱ्या नोंदी तो तेथेच ठेवतो. डेटाबेस कोणता, हे आपल्या आवडीवर सोडू नये. व्यवस्थापन-प्रणालीचा निर्माता जो डेटाबेस व त्याची जी आवृत्ती चालते म्हणून सांगतो, तीच घ्यावी. काही डेटाबेस विकत मिळतात. पोस्टग्रेस-क्यूएलसारखा, ज्याचे मूळ १९८६ साली बर्कले विद्यापीठात सुरू झालेल्या कामात आहे, विनामूल्य मिळतो. अक्षरांसाठी पहिल्या दिवसापासून युनिकोड ठेवावा, म्हणजे देवनागरी नावे व व्यासाचे चिन्ह बिघडत नाही. मागाहून हे बदलणे फार जिकिरीचे. प्रत्येकाचे खाते व परवलीचा शब्द निराळा हवा, आणि मुख्य व्यवस्थापकाचे खाते रोजच्या कामाला वापरू नये. सर्व्हरचा दरवाजा कारखान्याच्या जाळ्यापुरताच उघडा, बाहेरच्या इंटरनेटला बंद.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राखीव प्रत. दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटविण्याची सोय चांगली, पण ती राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. शिवाय कोठाराची व डेटाबेसची प्रत एकाच क्षणाची हवी. नाही तर नोंद आहे पण फाइल नाही, असा प्रसंग येतो. आणि एक प्रत दूर, दुसऱ्या गावी हवी. २००-वर्षांमागची एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनी बांधावयाच्या ‘त्रिंकोमाली’ ह्या जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन नौकेशी झालेल्या लढाईत ‘जावा’ पडली, आणि नकाशेही गेले. परंतु इंग्लंडात मूळ नकाशे शाबूत होते. दुसरी प्रत धाडता आली. १८१७ साली जहाज पाण्यात उतरले, आणि ते आजही हार्टलपूल येथे तरंगते आहे.

आपल्याला लढाईचे भय नाही, पाण्याचे आहे. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले आणि वीजही गेली, हे येथील कोणाला सांगावयास नको. म्हणून सर्व्हर तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नये, त्याला बॅटरीचा आधार द्यावा, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी राखीव प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर सारे उभे करून पाहावे. ज्या प्रतीवरून काहीही परत उभे करून पाहिलेले नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न उघडलेल्या पेटीत दागिने आहेत असे मानणे होय.

दोघाचौघांच्या गाळ्याला हे सारे लगेच हवे असे मी म्हणणार नाही. तेथे एक वही व थोडी शिस्त पुरते. पण एकाच ड्रॉइंगला दोन हात लागू लागले, किंवा तीन वर्षांपूर्वीचा नग कोणत्या आवृत्तीवर घडला असे ग्राहक विचारू लागला, की वेळ आली असे समजावे. यंत्र महिन्याभरात बसते. ‘फोनवरचे ड्रॉइंग चालणार नाही, खिडकीवरून घ्या’ असे मालकाने स्वतः पाळणे, हे मात्र रोजचे काम आहे; आणि मालकाने पाळले तरच मिस्त्री पाळतात.