अनोळखी फाइल : नाव, ठिकाण आणि मुद्रा

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे या टर्मिनलचा कारभार होता. कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारी यंत्रणाच गोठली आणि मालाची नोंद हाताने करण्याची वेळ आली. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेला 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्राम त्यामागे होता. मर्स्कला पुढे जगभरातील सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले.

हा प्रोग्राम विंडोजच्या मुख्य फोल्डरात 'पर्फसी डॉट डॅट' या नावाने ठाण मांडून बसत असे. आता गंमत अशी की, विंडोजमध्ये 'पर्फसी००९ डॉट डॅट' नावाची एक अस्सल फाइलही असते. संगणकाच्या कामगिरीच्या मोजमापाशी तिचा संबंध आहे. मात्र ती विंडोजच्या आतील 'सिस्टिम३२' या फोल्डरात राहते. नावात तीन आकड्यांचा फरक आणि ठिकाणात एका पायरीचा! एवढ्यावर न थांबता तोतया फाइलला मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल स्वाक्षरीची नक्कलही जोडलेली होती. ती पडताळणीत टिकणारी नव्हती; परंतु पडताळणी केली तरच ते कळणार.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रकार परका वाटू नये. ताम्रपटावर राजाचे नाव कोरलेले आहे, एवढ्यावरून तो त्या राजाचा ठरत नाही. लिपी, मुद्रा, कालगणना ताडून पाहावी लागते आणि अशा तपासणीत बनावट ठरलेले ताम्रपट आपल्या देशात कमी नाहीत. आपल्या तेर येथील उत्खननातही वस्तूइतकेच महत्त्व ती कोणत्या थरात मिळाली याला असते. थराची नोंद हरवली की वस्तू मुकी होते.

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी, पालकांच्या दुकानांत आणि गावोगावच्या सेवा केंद्रांत संगणक आहेत. मुलांचे जातीचे दाखले, जातवैधता प्रमाणपत्रे, आधार, बँक पासबुक यांच्या प्रती त्यांवर साठलेल्या असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज तेथूनच भरले जातात. अशा संगणकावर एखादे विचित्र नाव दिसले की दोन प्रतिक्रिया उमटतात : 'असेल काहीतरी विंडोजचे' म्हणून दुर्लक्ष, किंवा भीतीपोटी ती फाइल तत्काळ पुसून टाकणे. दुसरी प्रतिक्रियाही तितकीच घातक. २००२ च्या सुमारास 'जेडीबीजीएमजीआर' नावाची, अस्वलाचे चित्र असलेली फाइल हा विषाणू आहे, ती ताबडतोब पुसा, अशी ई-मेल जगभर फिरली. फाइल विंडोजचीच होती. असंख्य लोकांनी स्वतःच्या हाताने ती काढून टाकली आणि वर तो निरोप आप्तेष्टांनाही पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तपासाची सुरुवात अक्षरांपासून करावी. 'एस-व्ही-सी-होस्ट' ही विंडोजची अस्सल फाइल. 'एस-सी-व्ही-होस्ट' हा तोतया. दोन अक्षरांची अदलाबदल घाईत डोळ्यांना जाणवत नाही. टास्क मॅनेजरमध्ये अस्सल फाइलच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू दिसतात, तेव्हा केवळ संख्या पाहून घाबरू नये. त्या नावावर उजवे क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. ही फाइल सिस्टिम३२ मध्ये असायला हवी (तिची दुसरी अधिकृत जागा 'सिसवाऊ६४' ही). ती डाउनलोड्स, टेम्प किंवा पेनड्राइव्हवरून चालत असेल, तर संशयाला पुरेसे कारण आहे.

त्यानंतर मुद्रा. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग उघडावा. केवळ सही करणाऱ्याचे नाव वाचून थांबू नये, 'डिटेल्स'मध्ये जाऊन स्वाक्षरी वैध असल्याचा निर्वाळा विंडोज देते का, ते पाहावे. येथे एक अडचण आहे. विंडोजच्या कित्येक अस्सल फाइलींमध्ये हा भाग दिसतच नाही, कारण त्यांची स्वाक्षरी वेगळ्या सूचीत ठेवलेली असते. म्हणून स्वाक्षरी न दिसणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. अशा वेळी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी', एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि 'स्कॅननाऊ' ही आज्ञा द्यावी. विंडोज आपल्या संरक्षित फाइली अस्सल प्रतींशी ताडून पाहते आणि बिघडलेल्या फाइली शक्यतो दुरुस्त करते. मात्र बाहेरून आलेली नवी फाइल या तपासणीत सापडेलच असे नाही.

तिच्यासाठी 'व्हायरसटोटल' हे संकेतस्थळ उपयोगी आहे. तेथे एकच फाइल अनेक कंपन्यांच्या विषाणूरोधकांकडून तपासून मिळते. साठ-सत्तरांपैकी एखाद्यानेच आक्षेप घेतला तर तो गैरसमजही असू शकतो. पुष्कळांनी घेतला तर शंकेला जागा उरत नाही. कोणीही आक्षेप घेतला नाही, तरी अगदी नवा घातक प्रोग्राम त्यातून निसटू शकतो. तेथे चढवलेली फाइल इतर अभ्यासकांना व कंपन्यांनाही उपलब्ध होते. म्हणून दाखले, गुणपत्रिका, बँकेची कागदपत्रे तेथे कदापि चढवू नयेत.

तरीही सर्वांत मोलाचा प्रश्न संगणकाला नव्हे, माणसालाच विचारावा लागतो : ही फाइल आली कोठून? फुकटात मिळवलेले, कुलूप तोडलेले मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर, फोटो स्टुडिओतून फिरून आलेला पेनड्राइव्ह, 'शिष्यवृत्ती यादी' या नावाने आलेली जोडफाइल. आपल्या भागात संसर्गाचे मार्ग हे आहेत. फाइल दिसू लागण्याच्या एक-दोन दिवस आधी संगणकावर काय बसवले, हे घरातील मुलांना न रागावता विचारले तर बहुधा उत्तर मिळते.

संशय बळावला तर प्रथम इंटरनेट तोडावे. त्या संगणकावर बँकेचे कोणतेही काम करू नये. विंडोज डिफेंडरमधील 'ऑफलाइन स्कॅन' चालवावे. त्यात संगणक नव्याने सुरू होऊन विंडोज उघडण्यापूर्वीच तपासणी होते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून. केंद्र शासनाच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर सफाईची साधने विनामूल्य मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र फाइलच्या मागे वेळ न दवडता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.