फॉर लूप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फॉर लूप म्हणजे आकडे मोजण्याची सोय, हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. १९५७च्या फोरट्रानमधला डू लूप खरोखरच मोजत असे. सी भाषेतही सुरुवात, अट आणि वाढ अशा तीन भागांत बहुधा मोजणीच लिहिली जाते. १९९१ साली आलेल्या पायथनचा फॉर मात्र स्वतः मोजत नाही. समोरच्या संग्रहाकडून तो एकेक घटक मागून घेतो आणि घटक संपले की थांबतो.

रेंज(१, १०) मधून दहा संख्या मिळतात असे पुष्कळांना वाटते. मिळतात त्या १ ते ९ अशा नऊच, कारण वरची मर्यादा वगळली जाते. लूपच्या आत चलाची किंमत वाढवून एखादी फेरी गाळता येते, हा समजही सीच्या सवयीतून आलेला. पायथनमध्ये पुढच्या फेरीला त्या चलात संग्रहातला पुढचा घटकच येऊन बसतो.

मराठी मजकुरावर लूप चालवताना फसगत अधिक होते. धुळे शहरातल्या ‘देवपूर’ या नावात वाचणाऱ्याला दे, व, पू, र अशी चार अक्षरे दिसतात. पायथनमध्ये फेऱ्या होतात सहा: द, एकाराची मात्रा, व, प, दीर्घ उकार आणि र. युनिकोडमध्ये स्वरचिन्हाला स्वतंत्र संकेतांक असतो आणि लूपच्या हाती संकेतांकच येतात. गो भाषेतही फेऱ्या सहाच. यूटीएफ-८ मधले बाइट मोजले तर अठरा. इंग्रजी शब्दावर बिनचूक चालणारा, शब्द उलटा करून दाखवणारा प्रोग्राम ‘देवपूर’ची मात्रा भलत्याच अक्षराला चिकटवतो. मराठी विद्यार्थ्यांना हे अगदी सुरुवातीलाच शिकवले पाहिजे. पूर्ण अक्षरे हवी असतील, तर अक्षरसमूह ओळखणारी लायब्ररी वापरावी लागते.

लूप चालू असताना त्याच यादीतून घटक काढले तरी चालतात, हा समज सर्वांत घातक. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा या क्रमाने जिल्ह्याचे चार तालुके यादीत ठेवून ‘शि’ने सुरू होणारी नावे काढायला सांगितली, तर शिरपूर जाते आणि शिंदखेडा राहते. शिरपूर निघताच शिंदखेडा त्याच्या जागी सरकते. लूप मात्र पुढच्या जागेकडे गेलेला असतो. पायथन इथे कोणतीही चूक दाखवत नाही. म्हणून हवी ती नावे निवडून नवी यादी करावी. रस्टचा कंपायलर असा प्रोग्राम मुळात स्वीकारतच नाही.