घाटवाट, धुके आणि एलईडी दिवे

भोरहून नीरा देवघरच्या जलाशयाकडेने हिर्डोशी ओलांडून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर आषाढ-श्रावणात धुके उतरले म्हणजे, मोटारीचा दिवा किती प्रखर आहे यापेक्षा त्याचा झोत नेमका कोठे पडतो, हेच अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रचलित एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्यातील तारेचे स्थान गृहीत धरूनच परावर्तकाची घडण केलेली असल्यामुळे, त्याऐवजी बसवलेल्या एलईडीच्या चिपा नेमक्या त्याच जागी आल्या नाहीत, तर प्रकाश विखरून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

म्हणून घरगुती फेरबदलाचा आरंभ गाडीच्या आतील छताच्या दिव्यापासून करावा: काच अलगद काढून, जुना बल्ब निवल्यावर उतरवावा, आणि नवा पेटला नाही तर उलटा फिरवून बसवावा, कारण एलईडीस बहुधा धन-ऋण अग्रांचा विवेक असतो. इंडिकेटरमध्ये मात्र विद्युत्प्रवाह घटल्याने, बल्ब गेला असे समजून फ्लॅशर अतिजलद लुकलुकू लागतो. त्याची तजवीज योग्य रोधकाने किंवा एलईडीसाठीच्या फ्लॅशरने होते.

हेडलाइटबाबत कायद्याने मंजूर केलेलाच नमुना पत्करावा, आणि बदलापूर्वी व नंतर भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरच्या झोताची वरची कडा ताडून पाहण्याची खबरदारी घ्यावी.