व्यायलेली गाय उठत नाही तेव्हा

भरपूर दूध देणारी गाय तिसऱ्या-चौथ्या वेताला व्याली, चीक चांगला दिला, आणि दुसऱ्याच दिवशी अडखळू लागली. मग बसली ती बसलीच. मान बरगडीकडे वळलेली, कान गार. घरात कोणी म्हणते थकली, कोणी म्हणते नजर लागली. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट थंड पडते. बिघाड होतो तो स्नायूंच्या कामात.

जनावराच्या अंगात स्नायू तीन जातींचे असतात. पायांचे व मानेचे स्नायू हाडांना बांधलेले, लांब धाग्यांच्या जुड्यांसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर आडवे पट्टे दिसतात. धाग्यांतले बारीक तंतू एकमेकांत सरकले की स्नायू आखडतो आणि पाय उचलला जातो. हे जनावराच्या इच्छेने चालतात. पोट, आतडी व गर्भाशय यांच्या भिंतींत दुसरी जात असते. तिच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, बिनपट्ट्यांच्या. काम सावकाश आणि इच्छेबाहेरचे. तिसरी जात फक्त हृदयात. तिला पट्टे असतात, पण फांद्या फुटलेल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे सारे एका ठोक्यात आखडते.

तिघींनाही कॅल्शियम लागते. निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तात ते ९-१० मिलिग्रॅम असते. चिकाबरोबर एकदम निघून गेले की ५ च्याही खाली येते. पोटाचे स्नायू ते बरेचसे रक्तातूनच घेतात, म्हणून गाय बसण्याआधीच रवंथ मंदावते, शेण अडते. मग मज्जातंतूचा निरोप पायांच्या स्नायूंना नीट पोचत नाही. हृदयाचे ठोके जलद पण दुबळे होतात. उपचार न झाल्यास गाय काही तासांत दगावू शकते.

डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. ते शिरेतून कॅल्शियम देतात, तेही हळूहळू, छातीला नळी लावून. घाईने दिले तर तेच कॅल्शियम हृदय बंद पाडते. म्हणून बाटली आणून स्वतः टोचण्याचे धाडस कोणी करू नये. गूळपाणी किंवा काढा तोंडातून ओतू नका. गिळण्याचे स्नायूही ढिले पडलेले असतात, औषध फुप्फुसात जाते. गाईला आडवी पडू देऊ नका; पेंढ्याची पोती लावून छातीवर बसती ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला, नाहीतर खालच्या मांडीचे स्नायू तिच्याच वजनाने चेपून मरतात. मग कॅल्शियम देऊनही ती उठत नाही.

पुष्कळजण गाभण गाईला शेवटच्या महिन्यात मुद्दाम कॅल्शियम पाजतात. ते उलटते. आयते मिळाल्यावर हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय सुस्तावते, आणि ऐन गरजेला ते मिळत नाही.