संगणकाचा पडदा काळा पडणे

संगणकाचा पडदा काळा पडणे : मेजावरील संगणक चालू असताना त्याच्या पडद्यावरील चित्र अकस्मात नाहीसे होणे, ते काही क्षणांनी आपोआप परत येणे अथवा संगणक बंद करून पुन्हा चालू करीपर्यंत परत न येणे, या सर्व प्रकारांना व्यवहारात हे नाव दिले जाते. वस्तुतः हा एक दोष नसून अनेक दोषांचे समान लक्षण आहे. भिंतीतील वीजजोडणी, वीजपुरवठा पेटी, मुख्य मंडलफलक, स्मृतिपट्टी, चित्रमंडल, केबल व पडदा अशी ही एक साखळी असून पडदा हा तिचा अखेरचा दुवा होय. मागील कोणताही दुवा निसटला, तरी परिणाम मात्र पडद्यावरच दिसतो. त्यामुळे दोष पडद्यातच आहे असे गृहीत धरून नवा पडदा विकत आणणे ही या बाबतीत वारंवार होणारी व खर्चिक चूक ठरते. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरील गावी या साखळीत आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात : एक खारी दमट हवा व दुसरी जांभ्याची जमीन.

पडदा काळा झाल्यावर प्रथम एकच प्रश्न सोडवावयाचा असतो, तो म्हणजे संगणक जागा आहे की नाही. कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ किंवा ‘नम लॉक’ ही कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत व विझत असेल, तर संगणकाचे काम बहुधा चालू असून केवळ चित्र पोहोचत नाही असे समजावे. दिवा प्रतिसाद देत नसेल, तर संगणक थिजला आहे, निद्रावस्थेत गेला आहे किंवा बंद पडला आहे. या साध्या परीक्षेचे महत्त्व निदानापुरते नाही. सेतू केंद्रातील अर्ज, आंब्याच्या हंगामातील बागायतदाराचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल हे सर्व त्या क्षणी संगणकाच्या अस्थायी स्मृतीत असते आणि घाबरून वीज तोडली की ते नष्ट होते. संगणक जागा असेल, तर पडदा दिसत नसतानाही ‘कंट्रोल’ व ‘एस’ या कळा एकत्र दाबून, पूर्वी एकदा नाव देऊन ठेवलेले काम बहुधा साठविता येते. त्यानंतर विजेचे बटण क्षणभर दाबून सोडल्यास बहुतेक संगणक रीतसर बंद होतात किंवा निद्रावस्थेत जातात. तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरल्यास मात्र वीज थेट तुटते. तो उपाय शेवटचा मानावा.

यानंतर काळेपणाचे स्वरूप पाहावे. पडद्याच्या कडेचा लहान दिवा विझलेला असेल, तर त्याला वीजच मिळत नाही. दिवा लागलेला असून ‘संकेत नाही’ अशा अर्थाचा मजकूर क्षणभर उमटत असेल, तर पडदा सुस्थितीत असून केबल किंवा त्यामागील भागात दोष आहे. पडद्याचे स्वतःचे बटण दाबल्यावर त्याची निवडसूची दिसत असेल, तरी हाच निष्कर्ष निघतो. सूचीही दिसत नसेल, तर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकून पाहावे. त्या प्रकाशात चित्राची अंधूक छाया दिसली, तर चित्र तयार होत असून त्यामागचा प्रकाश गेला आहे.

ही शेवटची अवस्था समजण्यासाठी पडद्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. पूर्वीच्या ऋण किरण नलिकेच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांच्या झोतामुळे पडद्यावरील लेपच प्रकाशत असे. त्यासाठी रंगीत नलिकेत २० हजार व्होल्टहून अधिक दाब लागे आणि वीज तोडल्यानंतरही तो नलिकेत काही काळ टिकून राही. द्रव स्फटिकाचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याचे बिंदू मागून येणारा प्रकाश अडवितात वा जाऊ देतात. हा पार्श्वप्रकाश आरंभी बारीक अनुस्फुरक नळ्यांपासून मिळत असे आणि त्यांना लागणारा कित्येकशे व्होल्टचा दाब एक स्वतंत्र मंडल निर्माण करी. नळी जीर्ण झाली की संरक्षक मंडल ती दोन-तीन सेकंदांतच विझवी. ‘चालू केल्यावर क्षणभर दिसते व मग काळे होते’ अशी तक्रार जुन्या सपाट पडद्यांबाबत हमखास येई, तिचे कारण हेच. आताच्या पडद्यांत प्रकाश देणारे डायोड वापरतात. त्यांच्या माळेतील एखादा डायोड बिघडला, तरी कित्येक रचनांत चालक मंडल संपूर्ण प्रकाश बंद करते. पडद्याची दीप्ती निम्म्यावर आणल्यावर काळे पडणे थांबले, तर संशय या भागावर घ्यावा. पडद्याच्या विद्युत् मंडलातील धारित्रांचे माथे फुगणे हेही एक ओळखीचे कारण आहे. विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य तापमान सु. १०° से. ने वाढल्यास जवळजवळ निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. भिंतीला टेकवून ठेवलेला पडदा लवकर बिघडतो तो यामुळेच.

पडदा निर्दोष ठरल्यावर केबलीकडे वळावे. १९८७ मध्ये प्रचारात आलेल्या व्ही.जी.ए. जोडणीत १५ सुया असतात व ती दोन मळसूत्रांनी घट्ट बसविता येते. एच.डी.एम.आय. जोडणीला सामान्यतः असा आधार नसतो. मेजाला धक्का लागताच चित्र जाणे-येणे हे सैल जोडणीचे लक्षण होय. पाण्याचा पंप किंवा पंखा चालू करताच पडदा क्षणभर काळा होत असेल, तर हलक्या प्रतीच्या केबलीत शिरणारा विद्युत् अडथळा किंवा त्या क्षणी घसरणारा विद्युत् दाब यांपैकी एक कारण असते. केबल बदलणे, ती दुसऱ्या छिद्रात लावणे व पडदा दुसऱ्या संगणकास जोडून पाहणे या तीन अदलाबदली पैशाशिवाय होतात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास दोष गेला, तरी तो कशात होता हे कळत नाही.

काळे पडण्याची वेळ ही निदानातील सर्वांत उपयुक्त, पण सर्वांत दुर्लक्षित खूण आहे. दर वेळी ठरावीक मिनिटे स्पर्श न झाल्यावर पडदा विझत असेल, तर तो दोष नसून वीजबचतीची मांडणी आहे. खेळ किंवा चलच्चित्रासारखे जड काम लावल्यावरच तसे होत असेल, तर चित्रमंडलाचे तापणे, वीजपुरवठा पेटीची क्षमता अपुरी पडणे किंवा चित्रमंडलाच्या चालक-आज्ञावलीतील दोष यांचा विचार करावा. २००७ पासूनच्या विंडोज प्रणालींत चित्रमंडलाने सु. दोन सेकंद प्रतिसाद न दिल्यास प्रणाली त्याचा चालक पुन्हा सुरू करते. अशा वेळी पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. विंडोज १० व त्यापुढील प्रणालींत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या कळा एकत्र दाबून हेच काम हाताने करता येते. प्रणाली ‘सेफ मोड’मध्ये सुरू केल्यावर दोष दिसेनासा झाला, तर यंत्रभागापेक्षा चालक-आज्ञावलीवर संशय अधिक घ्यावा.

याउलट सकाळी पहिल्यांदा चालू करताना पडदा काळाच राहतो, दोन-तीन प्रयत्नांनंतर चालू होतो व मग दिवसभर ठीक चालतो, ही तक्रार कोकणात पावसाळ्यात विशेष आढळते. तिचे मूळ हवेत आहे. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि मांडवी, भाट्ये, मिऱ्या यांसारख्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत त्यांचे प्रमाण साहजिकच अधिक असते. सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मीठ हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात येथील आर्द्रता बहुतेक काळ या मर्यादेच्या वर असते. परिणामी मंडलफलकावर बसलेली धूळ उन्हाळ्यात निरुपद्रवी असली, तरी आषाढ-श्रावणात तिचा विद्युत् संवाहक थर बनतो. ज्या हवेत दाराच्या बिजागऱ्या व छपराचे पत्रे टिकत नाहीत, तीत तांब्याच्या केसाइतक्या रेषा व सुया सुरक्षित राहतील अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

या हवेचा पहिला बळी बहुधा रॅम म्हणून ओळखली जाणारी स्मृतिपट्टी असते. तिच्या कडेच्या संपर्कपट्ट्यांवरील सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असून त्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालचे निकेल व तांबे गंजते. स्मृती सापडली नाही, तर संगणक चित्र निर्माण करण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो व पडदा मात्र काळा राहतो. काही यंत्रे अशा वेळी ठरावीक शिट्ट्या देतात. दुरुस्तीच्या दुकानांत पट्टी काढून तिचे संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे. तिने तात्पुरता गुण येतो, परंतु घासण्याने सोन्याचा थरही झिजतो व पुढच्या पावसाळ्यात गंज अधिक वेगाने चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहॉलात भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणे अधिक चांगले. कित्येकदा पट्टी नुसती काढून पुन्हा घट्ट बसविणेही पुरेसे होते. हे काम करण्यापूर्वी वीजजोडणी काढावी व हातावरील स्थिर विद्युत् घालविण्यासाठी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा.

दमटपणावरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे यंत्र वापरात ठेवणे. चालू संगणकाच्या पेटीतील हवा बाहेरच्यापेक्षा उबदार व म्हणून सापेक्षतः कोरडी राहते. गणपतीच्या सुट्टीत आठवडाभर बंद असलेली यंत्रे सुट्टीनंतर एकाएकी रुसतात, त्यात नवल नाही. पावसाळ्यात रोज तासभर संगणक चालू ठेवणे हिताचे असते. कपाटात दिवा लावून कपड्यांची बुरशी टाळण्याच्या घरगुती पद्धतीमागील तत्त्व हेच. संगणक बंद केल्यावर लगेच प्लॅस्टिकचे आवरण घालू नये. त्यात दमट हवा कोंडते. सुती कापड बरे. वातानुकूलित खोलीत आर्द्रता कमी राहते हे खरे, पण यंत्रणा बंद होताच खिडक्या उघडल्यास थंड झालेल्या फलकांवर दव धरते.

वीजपुरवठ्याचे दोषही येथे वेगळ्या नजरेने पाहावे लागतात. संगणकाची वीजपुरवठा पेटी २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश दाबांत रूपांतर करते. भिंतीतील वीज क्षणभर गेली, तरी पूर्ण भारावर ती सु. १६ मिलिसेकंद तग धरू शकते, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाहूनही कमी. साध्या यूपीएसला बॅटरीवर जाण्यास सामान्यतः ४ ते १० मिलिसेकंद लागतात व संगणक त्यात निभावतो. घरगुती इन्व्हर्टर मात्र ‘नॉर्मल’ स्थितीत ठेवलेला असल्यास याहून बराच अधिक वेळ घेतो व वीज जाताच संगणक पुन्हा आरंभापासून सुरू होतो. अशा इन्व्हर्टरांवर बहुधा ‘यूपीएस’ अशी दुसरी स्थिती असते. ती निवडली की तक्रार मिटते. पेटीतील धारित्रे जुनी झाली की तग धरण्याची तिची क्षमता घटते. ही पेटी मात्र घरी उघडू नये. तिच्यात सु. ३२५ व्होल्टचा एकदिश दाब असून जोडणी काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. तो प्राणघातक ठरू शकतो.

अर्थिंग हा कोकणातील सर्वांत उपेक्षित विषय म्हणावा लागेल. जांभा हा सच्छिद्र खडक असून पाऊस संपल्यावर त्यातील पाणी लवकर निचरते आणि एप्रिल-मेमध्ये कोरड्या जांभ्याचा विद्युत् रोध फार वाढतो. वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या याच सुमारास. त्यामुळे अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल असावा, त्यात कोळसा व मीठ भरलेले असावे व उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे, ही जुनी रीत संगणकासाठीही लागू आहे. पेटीच्या धातूस हात लावताच मुंग्या येत असतील, तर अर्थिंग पोहोचलेले नाही. संगणक व पडदा वेगवेगळ्या खोल्यांतील वा वेगवेगळ्या मंडलांवरील सॉकेटांत लावल्यास त्यांच्या अर्थिंगमधील दाबाचा फरक चित्रकेबलीतून वाहतो व केबलीचे मुख जळू शकते. म्हणून दोन्ही एकाच पट्टीवर जोडावीत. वादळात वाहिनीचा न्यूट्रल तुटल्यास एकफेजी घरातील दाब ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतो. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब व वाहिन्या मोडून पडल्या आणि अनेक गावांत वीज परत येण्यास कित्येक दिवस लागले. अशा खंडानंतर वीज आली, तरी दाब स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत संगणकाची जोडणी काढूनच ठेवणे इष्ट.

पुरात बुडालेल्या संगणकाची गोष्ट निराळी आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहरातील बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी यंत्र ‘चालते का’ हे पाहण्यासाठी वीज जोडणे हीच सर्वांत मोठी हानी ठरते. ओल्या फलकातून विद्युत् प्रवाह गेला की तांब्याच्या रेषा काही मिनिटांत खाल्ल्या जाऊ शकतात. आधी नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी काढावी, कारण वीज नसतानाही ती फलकास दाब देत राहते. नंतर फलक स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन चिखल काढावा, अल्कोहॉलाने पुसावा व पूर्ण कोरडा होईपर्यंत काही दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवावा. हार्ड डिस्क मात्र उघडू नये व चालूही करू नये. तिच्या आवरणास बहुधा हवेसाठी एक सूक्ष्म छिद्र असते आणि त्यातून पाणी आत शिरलेले असू शकते. तीत महत्त्वाच्या नोंदी असतील, तर ती न सुकविता हवाबंद पिशवीत घालून माहिती परत मिळविणाऱ्या जाणकाराकडे पाठवावी. उरलेल्या संगणकाची दुरुस्ती करावी की तो मोडीत काढावा, हे त्यानंतर ठरविता येते.