गर्दीत श्वास कोंडतो तेव्हा

नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली. ३९ भाविक गेले, शंभराहून अधिक जखमी झाले. मृतांमध्ये बायका आणि वयस्कर माणसे जास्त होती. मिरवणुकीतून चांदीची नाणी उधळली गेली आणि ती वेचायला लोक वाकले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. पंचवटीतला सरदार चौक त्या दिवशी देशभर माहीत झाला.

चेंगराचेंगरी हा शब्द थोडा फसवा आहे. तो ऐकला की माणसे पायदळी तुडवली गेली असे चित्र डोळ्यांपुढे येते. जगभरच्या अशा दुर्घटनांचा अभ्यास मात्र वेगळे सांगतो. बहुतेक मृत्यू श्वास कोंडल्यामुळे होतात, आणि कित्येकजण उभ्याउभ्याच जातात, कारण खाली पडायलाही जागा नसते.

श्वास आत घ्यायचा तर बरगड्या बाहेर फुलाव्या लागतात आणि छाती व पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा खाली सरकावा लागतो. चारही बाजूंनी माणसे रेटत असली की ही हालचालच थांबते. नाक मोकळे असते, तोंड उघडे असते, हवाही समोर असते, पण छाती फुलत नाही. माणूस ओरडतो तेव्हा उरलीसुरली हवाही बाहेर जाते आणि परत घेता येत नाही. आधी भोवळ, मग बेशुद्धी, मग हृदय बंद. प्राणवायू पूर्ण तुटला तर चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. अशा दुर्घटनांनंतर लोखंडी कठडे वाकलेले सापडले आहेत. ते वाकवायला साडेचारशे किलो वजनाएवढा जोर लागतो. हा जोर कोणा एकाचा नसतो. मागच्या शेकडो लोकांनी दिलेला थोडाथोडा रेटा पुढे जाऊन साठतो.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा जागेत चार माणसे असली, तर सावकाश का होईना, चालता येते. पाच झाली की पाऊल आखडते. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात, माणूस स्वतःच्या इच्छेने थांबू शकत नाही आणि लाट नेईल तिकडे जातो. उतार असेल, पायऱ्या असतील, वाट पुढे निमुळती होत असेल तर हे आणखी लवकर घडते. गोदाघाटावर उतरणाऱ्या जुन्या गल्ल्यांत हे तिन्ही आहे.

मागच्या माणसाला पुढचे दिसत नाही, ही यातली खरी मेख. पुढे कोणी गुदमरत असताना मागचा आपला ‘सरका की पुढे’ म्हणत असतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला ठाऊकच नसते. लोक बेशिस्त वागले म्हणून हे झाले, असे दुर्घटनेनंतर हमखास म्हटले जाते. ते बहुतेक वेळा अन्यायाचे असते.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री इटेवॉन भागातल्या जेमतेम सव्वातीन मीटर रुंद, उताराच्या गल्लीत १५९ जणांचा जीव गेला. तिथे कोणी नाणी उधळली नव्हती. अपघाताच्या जवळजवळ चार तास आधीपासून लोक पोलिसांना फोन करून सांगत होते की इथे माणसे चिरडतील. माहिती होती, ती गल्लीतल्या लोकांकडे होती, आणि ज्यांच्या हातात वाट बंद करणे होते त्यांनी ती वेळेत मनावर घेतली नाही.

रुग्णालयाच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब साधा आहे. हाताशी चार-पाच मिनिटे, आणि ज्या गर्दीतून माणूस निघू शकत नाही तिच्यातून रुग्णवाहिका आत जाणार नाही. डॉक्टरच्या हाती रुग्ण येतो तेव्हा बरेच काही ठरून गेलेले असते. गर्दीतले मृत्यू टाळायचे काम पोलीस, महापालिका आणि त्या त्या भागातले लोक हेच करू शकतात. त्यातल्या एकाने दुसऱ्याचे ऐकले नाही तर उरलेल्यांचे कष्ट वाया जातात.

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकने हे बऱ्याच अंशी करून दाखवले. मिरवणुकीचा जुना मार्ग बदलण्यात आला. आखाड्यांच्या परंपरेचा प्रश्न असल्याने हा निर्णय नुसता कागदावर होण्यासारखा नव्हता. सगळा भार रामकुंडावर पडू नये म्हणून तपोवन, दसक अशा ठिकाणच्या घाटांवर भाविक वळवले गेले. डॉक्टर बरोबर असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली होती, तिच्यासाठी हा पहिलाच सिंहस्थ. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला की वयस्कर भाविकांना कित्येक किलोमीटर पायपीट करावी लागली आणि गावकऱ्यांना स्वतःच्या घरी जाणे अवघड झाले. टीका झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला बंधने सैल केली गेली. चूक सुरक्षिततेच्या बाजूने झाली आणि ती पंधरा दिवसांत सुधारली, हे नोंदवण्यासारखे आहे. त्या वर्षी २००३ सारखी दुर्घटना घडली नाही.

याच काळात मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम चालला. स्थानिक विद्यार्थी, उद्योजक, डॉक्टर आणि अधिकारी एका टेबलाशी बसले. त्यातून निघालेली एक वस्तू अगदी साधी होती. शाळकरी वयाच्या निलय कुलकर्णी या नाशिककर मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी पायाच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई बनवली. नाव ‘आशिओतो’, म्हणजे जपानीत पावलांचा आवाज. प्रवेशाच्या वाटांवर अंथरलेल्या या चटयांनी १८ तासांत सुमारे ५ लाख पावले टिपली. किती आत गेले हे कळले, तर दार केव्हा लावायचे हे ठरवता येते. लाखांचे आकडे नंतर जाहीर करण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे.

पण चटई दार लावत नाही. कोणत्या बोळात सकाळी दहानंतर कोंडी होते, पाऊस पडला की कुठली फरशी निसरडी होते, हे घाटावरचे पुरोहित, फुलवाले, बुडणाऱ्यांना काढणारे जीवरक्षक आणि वर्षानुवर्षे विसर्जन मिरवणूक सांभाळणारे मंडळांचे कार्यकर्ते यांना माहीत असते. बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेल्या शिपायाला ते कसे कळणार? त्याच्या शेजारी त्या गल्लीतला एक माणूस उभा हवा, आणि त्याचा शब्द नियंत्रण कक्षापर्यंत पोचायला हवा.

पुढच्या सिंहस्थाच्या मुख्य स्नानांच्या तारखा जाहीर आहेत: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७, त्र्यंबकेश्वरला तिसरे स्नान १२ सप्टेंबरला. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे सरकारी आकड्याप्रमाणे ३० भाविकांचा मृत्यू झाला, तो अनुभव ताजा आहे. मंडळे, महाविद्यालये आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना आतापासून छातीदाब शिकवता येईल. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने. श्वास कोंडून हृदय थांबलेले असेल तर नुसता दाब अपुरा पडतो. शिकलेल्या माणसाने ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वासही द्यावेत. एका दुपारच्या शिबिरात हे हाताला बसते.

गर्दीत सापडलेल्याने दोन्ही हात मुठी वळून छातीसमोर धरावेत, म्हणजे फासळ्यांपुढे बोटभर जागा राहते. ओरडू नये. उलट दिशेने रेटू नये, लाट ओसरली की तिरके सरकत कडेला जावे, पण भिंतीला किंवा कठड्याला टेकू नये. चप्पल, मोबाइल, नाणे, काहीही पडले तरी वाकू नये. पडलोच तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यावेत आणि हातांनी डोके झाकावे. लहान मूल असेल तर त्याला खांद्यावर उचलावे.

२ ऑगस्ट २०२७ ही सोमवारची अमावस्या आहे. त्याच दिवशी दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पर्वणीचे स्नान आटोपलेले लोक ग्रहण सुटल्यावर पुन्हा घाटाकडे वळतील, आणि तोवर सकाळपासून उभा असलेला बंदोबस्त दमलेला असेल. त्या संध्याकाळची पाळी कोण करणार, हे आताच लिहून ठेवावे लागेल.