थेंबाचा हिशेब

१८९६ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. ते काम चिंचवडच्या चापेकर बंधूंचे होते, हे दामोदर हरी चापेकरांच्या तुरुंगातल्या आत्मवृत्तातून पुढे कळले. इतरांना काढता न आलेला तो डाग काढला विल्सन कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. चापेकरांचे स्मारक चिंचवडला आहे. गज्जरांचे नाव मात्र पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कोणी घेत नाही, आणि त्यांनी शिकवलेल्या हातच्या रसायनशास्त्राची खरी गरज आज इथेच आहे. पुतळ्याचा संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लावले की डागाआधी दगड जातो, खरवडले की झिलई जाते. अशा वेळी थोडे लावायचे, थांबायचे, बघायचे आणि मगच पुढे सरकायचे, एवढेच हाती असते. सुरतेच्या सुतार घराण्यात १८६३ साली जन्मलेल्या माणसाला ही सावधगिरी घरातूनच मिळाली असावी, असे मला वाटते. बडोद्यात सयाजीरावांच्या पाठबळावर १८९० मध्ये कलाभवन उभे करताना त्यांनी रंगकामासारखे धंदेशिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला. मुंबईतल्या त्यांच्या टेक्नो-केमिकल प्रयोगशाळेत तयार झालेल्या कोटीभास्कर आणि अमीन या शिष्यांसह १९०७ साली अलेम्बिक कारखाना उभा राहिला.

आता चाकणच्या रंगकामाच्या लाइनवर या. पत्र्याला रंग धरावा म्हणून त्यावर आधी द्रावणाच्या बाथमध्ये फॉस्फेटचा थर चढवतात, आणि त्या बाथची तब्येत टायट्रेशनने तपासतात. पिपेटने दहा मिली बाथ घ्यायचा, ब्रोमोफिनॉल ब्लूचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण रंग बदलेपर्यंत सोडायचे. जितके मिली लागले तितके ‘पॉइंट’ फ्री ॲसिड. दुसऱ्या नमुन्यात फिनॉल्फथॅलीन टाकून फिकट गुलाबी होईपर्यंत गेले की टोटल ॲसिड. फ्री ॲसिड वाढले तर थर नीट बसत नाही, घटले तर फॉस्फेट गाळ होऊन तळाला बसतो. गाड्यांच्या झिंक फॉस्फेटमध्ये हा आकडा बऱ्याचदा एका पॉइंटच्याही खाली असतो. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. रंग बदलून गेल्यावर हात तीन थेंब उशिरा थांबला, तर ०.८ पॉइंटचे ०.९५ होतात, म्हणजे जवळपास पाचव्या हिश्श्याची चूक. नळीत अडकलेला बुडबुडा किंवा तिरक्या नजरेने वाचलेली पातळी हीच करामत गुपचूप करते.

स्वयंचलित टायट्रेटर असताना हातावर एवढा भर कशाला, असे कोणी विचारील. यंत्र थेंब माणसापेक्षा नेमके मोजते, हे खरेच आहे. पण त्यात भरायचे कॉस्टिक कोणीतरी बनवतेच, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते हळूहळू दुबळे होते, आणि ऑक्झॅलिक ॲसिडसारख्या वजन करून घेतलेल्या पदार्थाशी ते पुन्हा ताडून पाहावे लागते. दुबळ्या द्रावणावर यंत्र चुकीचा आकडाही तितक्याच नेमकेपणाने देते. कंपनी आठवड्याभरात शिकवून घेईल, हा दुसरा आक्षेप. पायऱ्या शिकवता येतात. आकड्यावर शंका कधी घ्यायची, हे मात्र स्वतःच्या हातून दहा वेळा बिघडल्यावरच अंगवळणी पडते.

आणि बिघडू देण्याची ती जागा कॉलेजातून आक्रसत चालली आहे, ही माझी खरी काळजी. प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठाऊक असेल तर जर्नलमध्ये १०.२, १०.२, १०.२ अशी तीन गोड रीडिंग सहज उतरतात. ९.८ लिहिणाऱ्या प्रामाणिक मुलीचे गुण जातात. यावर उपाय महागडा नाही: प्रत्येकाला वेगळ्या तीव्रतेचे, चिठ्ठी न लावलेले द्रावण द्यावे, उत्तर फक्त शिक्षकापाशी असावे, आणि गुण रीडिंगच्या सारखेपणाला न देता चूक शोधण्याला द्यावेत. पण मोठ्या बॅचसाठी तितकी द्रावणे आदल्या दिवशी बनवून ताडायची, तर प्रयोगशाळेत कसलेला परिचर लागतो आणि शिक्षकाला तासभर एकेका मुलामागे उभे राहावे लागते. त्या तासाला वेळापत्रकात रकाना नाही. आणि अशा न शिकलेल्या हाताखाली फॉस्फेटचा थर कच्चा राहिलेला पत्रा लाइनवरून चकचकीतच उतरतो, आणि रंगाखालचा फोड कोकणच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांनी वर येतो.